टपालाने मागवलेले प्लायोनीचे कंद: दुसऱ्या वसंतानंतरचा अभिप्राय

प्लायोनीच्या कंदांबद्दल पहिल्याच वसंतात लिहिलेले अभिप्राय मी फारसे मनावर घेत नाही. "लावले आणि फुलले, अप्रतिम, पैसे वसूल" असं लोक लिहितात, आणि खोटं लिहीत नाहीत. पण ते फूल विकणाऱ्याच्या मेहनतीचं असतं. कंद आपल्या हातात पडतो तेव्हा त्याच्या बुडाशी असलेल्या कोंबात कळी आधीच तयार असते. गेल्या उन्हाळ्यात कोणीतरी त्या झाडाला वेळेवर पाणी, खत आणि सावली दिली म्हणून ती तिथे आहे. आपल्या कुंडीत, आपल्या हाताखाली नवा कंद भरला आणि तो पुढच्या वर्षी फुलला, तरच म्हणायचं की माल चांगला होता. म्हणून मी थांबले होते. या उत्पादकाकडून घेतलेल्या कंदांचा दुसरा बहर नुकताच ओसरला, आता पानं वर येताहेत, तेव्हा मोकळेपणाने लिहिते.

उत्पादक लहान आहे. हिवाळ्यात, कंद झोपेत असताना, काही आठवडेच त्यांची यादी उघडी असते. नाव मुद्दाम देत नाही, कारण मला बोलायचंय ते मालाबद्दल, आणि मी ज्या गोष्टी पाहते त्या कोणाकडूनही घेताना पाहता येतील.

ज्यांनी प्लायोनी लावलेली नाही त्यांच्यासाठी थोडं. हिमालय, म्यानमार, चीन, तैवान इथल्या डोंगरांवर, शेवाळलेल्या खडकांवर आणि झाडांच्या खोडांवर वाढणारी ही बुटकी ऑर्किड. वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड डॉनने १८२५ मध्ये प्रजातीला हे नाव दिलं. झाड वितभर, पण फूल मात्र तळहातभर, झालरीच्या ओठाचं (ओठ म्हणजे पुढची वेगळी, मोठी पाकळी), आणि ओठाच्या आत ठिपके नाहीतर रेघा. मला सगळ्यात भावते ती हिची वाढण्याची रीत. एक कंद एकदाच फुलतो. फुलामागोमाग पान येतं, पानाच्या बुडाशी नवा कंद भरत जातो आणि जुना सुरकुतून संपून जातो. तुमच्याकडे प्लायोनी वीस वर्षं असली तरी कुंडीतला कंद गेल्याच उन्हाळ्याचा असतो. त्यामुळे एक उन्हाळा वाईट गेला की झाड लगेच लहान होतं, आणि एक चांगला गेला की एकाचे दोन होतात. साठवणीतली जुनी ताकद असं काही तिच्याकडे नसतं.

आता खोक्याबद्दल. प्रत्येक वाण वेगळ्या कागदी पिशवीत, भोवती सुकं स्फॅग्नम शेवाळ, प्लास्टिकचा तुकडासुद्धा नाही. जुनी मुळं कापून सेंटिमीटरभर ठेवलेली. तेवढी हवीतच, कारण नवी मुळं येईपर्यंत कंदाला उभं धरायला दुसरं काही नसतं. कंद टणक होते, एकही चेपलेला किंवा पिलपिला नव्हता. फॉर्मोसाना या जातीचा कंद बसका, खाली रुंद आणि वर चिमटीत धरून ओढल्यासारखी मान असलेला. बुडाशी कोंब. हा कोंब नीट पाहायला शिकलं की विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबावं लागत नाही. जाड, बोथट, पोटाशी फुगलेला असेल तर आत कळी आहे. सडपातळ आणि टोकदार असेल तर नुसतं पान. "फुलण्याजोगे" म्हणून आलेल्या कंदांपैकी पिटॉन या संकराचा एक सोडला तर सगळ्यांचे कोंब जाड होते, आणि त्या पिटॉनला खरोखर पानच आलं. यादीत त्यांनी तशी सूचना दिली असती तर बरं झालं असतं.

फॉर्मोसाना 'क्लेअर' हा पांढरा वाण. पांढऱ्या वाणांत जांभळा रंगच तयार होत नाही, म्हणून त्यांचा कंदसुद्धा निव्वळ हिरवा असतो. माझे तसेच होते. 'क्लेअर' म्हणून विकलेल्या कंदावर जांभळी छटा दिसली तर तो 'क्लेअर' नाही, हे लावण्याआधीच कळतं.

या उत्पादकाला मी सगळ्यात जास्त गुण लेबलांसाठी देईन. ज्यांना संग्रह करायचाय त्यांच्यासाठी याच्याइतकं महत्त्वाचं काही नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. ऑर्किडच्या संकरांची आंतरराष्ट्रीय नोंद लंडनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी ठेवते. दोन पालक ठरले की त्यांच्या संकरातून आलेल्या सगळ्या भावंडांना एकच नाव मिळतं, त्याला ग्रेक्स म्हणतात. फॉर्मोसाना आणि कन्फ्युसा यांची सगळी लेकरं शान्टुंग. आता त्यातली एक पालक गुलाबी, दुसरी पिवळी. मग लेकरांत फिक्या पिवळ्यापासून जर्दाळू रंगापर्यंत सगळं निघतं. लेबलावर नुसतं "शान्टुंग" असेल तर तुम्हाला काय मिळणार हे विकणारालाही सांगता येणार नाही. "शान्टुंग 'डकट'" असेल तर पिवळं, "शान्टुंग 'म्युरिएल हार्बर्ड'" असेल तर जर्दाळू, कारण हे एकेका निवडक रोपाचे वाण आहेत आणि कंदांपासूनच वाढवलेले आहेत. या उत्पादकाने प्रत्येक पिशवीवर ग्रेक्स आणि वाण दोन्ही लिहिले होते, आणि जिथे वाणाला नाव नाही तिथे "बियांपासूनची रोपं, रंग बदलेल" असं स्पष्ट लिहिलं होतं. एवढा प्रामाणिकपणा मी फार कमी ठिकाणी पाहिलाय.

पिवळ्या रंगाबद्दल अजून एक. या संकरांतला पिवळा मूळचा फॉरेस्टी या जातीचा. पण बागांमध्ये अनेक वर्षं फॉरेस्टी म्हणून वाढवलेली झाडं प्रत्यक्षात कन्फ्युसा निघाली, म्हणजे फॉरेस्टी आणि अल्बिफ्लोरा यांचा निसर्गातच झालेला संकर. जुन्या याद्यांमध्ये शान्टुंगची पालक म्हणून फॉरेस्टी लिहिलेली दिसते ती त्यामुळे. माझ्या लेबलावर कन्फ्युसाच होतं. खरी फॉरेस्टीही त्यांच्याकडे मिळते, पण खाली टीप आहे की आधी संकर सांभाळून पाहा, मग इकडे या. माझंही तेच मत आहे. शुद्ध फॉरेस्टी मोजूनमापून वाढते आणि कधीही पाठ फिरवते. तिचा रंग हवा असेल तर संकरातून घ्यावा, त्यात फॉर्मोसानाचा दणकटपणा आयता मिळतो.

संकर म्हटला की काही लोक नाक मुरडतात, त्यांना मूळ जातीच हव्या असतात. मला ते पटत नाही. पहिला नोंदलेला संकर व्हर्साय, १९६६ चा. तो करणारे जॉर्ज मोरेल हे ऊतिसंवर्धनाने, म्हणजे झाडाच्या इवल्या तुकड्यापासून प्रयोगशाळेत, ऑर्किड वाढवण्याचं तंत्र रुजवणारे फ्रेंच शास्त्रज्ञ. पुढे इंग्लंडमध्ये इयन बटरफील्ड यांनी भराभर संकर केले आणि त्यातल्या बऱ्याच जणांना ज्वालामुखींची नावं दिली, म्हणून प्लायोनीची यादी वाचताना एटना, व्हेसुव्हियस, स्ट्रॉम्बोली, टोंगारीरो असा जगाचा नकाशा समोर येतो. या माणसांनी केलेलं काम म्हणजे डोंगरातल्या नाजूक झाडांना कुंडीत टिकायला शिकवणं. त्याचा मान ठेवायला हवा.

डोंगरातून उपटून आणलेल्या कंदांचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. चीनमध्ये बल्बोकोडिऑइडिस आणि युनानेन्सिस या जातींचे कंद पारंपरिक औषधासाठी जंगलातून मोठ्या प्रमाणात काढले जातात. वर शोभेच्या बाजारासाठी निघतात ते वेगळे. सगळ्याच ऑर्किड सायटीस कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्टांत आहेत, प्लायोनी दुसऱ्या परिशिष्टात, त्यामुळे देशाची हद्द ओलांडून कंद येणार असतील तर परवाना लागतो, आणि बहुतेक ठिकाणी रोगमुक्त असल्याचं प्रमाणपत्रही. मी ज्यांच्याकडून घेते त्यांनी न विचारता सांगितलं की मूळ जातीही त्यांच्याच काचघरात बियांपासून किंवा कंदांपासून वाढवलेल्या आहेत. जिथे जातीचं नाव संशयास्पद, वाणाचं नाव नाही, कंदांवर खरचटल्याच्या जुन्या खुणा आणि वाळलेलं रानशेवाळ चिकटलेलं, तिथून मी एक कंदही घेत नाही.

लावणीत नवीन काही नाही, भराभर सांगते. बारीक पाइनची साल, चिरलेलं स्फॅग्नम आणि परलाइट. पसरट, उथळ कुंडी. कंद तिसरा हिस्सा आत, बाकी उघडा. न तापवलेलं काचघर.

पाण्याबद्दल मात्र थांबून बोलायला हवं, कारण खोक्याबरोबर आलेला उत्पादकाचा सूचनांचा कागद इथे सपशेल चुकतो. त्यात लिहिलंय, "लावल्यावर नियमित पाणी द्यावे." लावल्यावर कंदाला मुळंच नसतात. पाणी घेणार कोण? ते साचतं कोंबाच्या आवरणात, आणि कोंब बुडाशी काळा पडतो. फूल उमलून गेल्यावरही पहिले काही आठवडे मिश्रण जेमतेम ओलसर ठेवायचं. नवी मुळं तीनचार सेंटिमीटरची झाली, पान उलगडायला लागलं, की मग हळूहळू वाढवायचं, आणि भर उन्हाळ्यात सढळ हाताने द्यायचं. नवशिक्याने तो कागद तंतोतंत पाळला तर उत्तम माल वाया जाईल. मी त्यांना तसं लिहिलं. उत्तर सौजन्याने आलं, पुढच्या हंगामाच्या कागदात बदल करू म्हणाले. अजून बदललेला मी पाहिलेला नाही, म्हणून इथे लिहिणं भाग आहे.

मुळांचा हा मुद्दा दुसऱ्या एका खरेदीवरूनही लक्षात येईल. तुलनेसाठी एका मोठ्या बागसाहित्याच्या दुकानातून प्लायोनीचं पाकीट घेतलं होतं. लेबलावर फक्त "प्लायोनी, गुलाबी". पाकीट प्लास्टिकचं, उबदार दालनात टांगलेलं. आत कंद जागे झालेले: कोंब उंच, फिकट, वळणं घेतलेले, आणि बुडाशी पांढऱ्या मुळांचा पुंजका, त्यातली निम्मी मुळं पाकिटाला घासून टोकाशी तुटलेली. प्लायोनीचं वाढतं मूळ टोकाशी मोडलं की ते पुन्हा फुटत नाही, आणि त्या वर्षी कंदाला मुळांची दुसरी खेप मिळत नाही. जी काही मुळं शिल्लक राहतील त्यांच्यावरच नवा कंद भरायचा. तरी त्या कंदांना त्या वसंतात फुलं आली, आणि चांगली आली. त्या आठवड्यात कोणी विचारलं असतं तर दोन्ही खरेद्या सारख्याच वाटल्या असत्या. पानं पिवळी पडून गळल्यावर कुंड्या उकरल्या तेव्हा फरक दिसला. दुकानातल्यांच्या जागी सेंटिमीटरभराचे गोळे. त्याच मिश्रणात, त्याच फळीवर, त्याच पाण्यावर वाढलेल्या माझ्या उत्पादकाच्या फॉर्मोसानांनी प्रत्येकी दोन भरदार कंद दिले होते, शिवाय जुन्या कंदाच्या डोक्यावर बारीक पिल्लं. पुढच्या वसंतात दुकानातल्यांना फक्त पानं आली.

आता वाणवार.

'क्लेअर' सगळ्यांत भरवशाचं. दोन्ही वसंतात फुललं, दुसऱ्यात जास्त. शुभ्र पाकळ्या, ओठावर पिवळ्या खुणा. कोणाला एकच प्लायोनी घ्यायची असेल तर हीच घ्यावी. माझ्या दादाला मी यातले कंद दिले. त्याच्या घरात हिवाळाभर उष्णता असते, कंदांना लागणारी शून्य ते पाच अंशांची कोरडी थंडी कुठेच नाही, म्हणून कागदी पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवायला सांगितलं. "अगं, पाणी नाही, माती नाही, उजेड नाही, मरतील ना हे," असं तो दर आठवड्याला फोनवर म्हणायचा. "दादा, तू फक्त दार लाव," इतकंच मी म्हणायचे. त्याच्याकडेही फुलली.

टोंगारीरो माझं लाडकं. व्हर्सायचं लेकरू, रंग गडद जांभळट गुलाबी, ओठात लाल ठिपके दाट शिंपडलेले. पहिल्या वसंतात प्रत्येक कंदाला एक दांडा, दुसऱ्यात काहींना दोन, आणि एका दांड्यावर दोन फुलंही. सकाळच्या तिरप्या उजेडात ओठाच्या आत पाहिलं की ठिपके पाकळीच्या पृष्ठावर नुसते उमटलेले नाहीत, आत खोलवर गेलेले दिसतात, आणि मधल्या कंगोऱ्यांच्या कडा बारीक दातेरी. हे पाहायला भिंग घेऊन बसावं.

शान्टुंग 'डकट'चा पिवळा मला अपेक्षेपेक्षा फिका वाटला पहिल्या वर्षी. दुसऱ्या वर्षी थंडीत सावकाश उमललं तेव्हा चांगला गडद आला. 'म्युरिएल हार्बर्ड'चं फूल मोठं, जर्दाळू रंगावर ओठात लाल खुणा, पण कंद मात्र सावकाश वाढतात, एकाचा एकच. तक्रार नाही, हा त्या वाणाचा स्वभाव.

पिटॉनमध्ये युनानेन्सिसचं रक्त, म्हणून दांडा उंच आणि फूल पानापासून सुटं उभं राहतं. पानच आलेल्या त्या कंदाने दुसऱ्या वर्षी फूल दिलं.

आयगरबद्दल माझी खरी तक्रार आहे. आयगर हा ह्युमिलिस आणि फॉर्मोसाना या जातींचा संकर, आणि ह्युमिलिसमुळे सगळ्यांच्या आधी फुलतो. उत्पादक मात्र सगळी मागणी हिवाळ्याच्या शेवटी एकदम पाठवतो. बाकीच्यांचे कोंब तेव्हा जेमतेम डोकावत होते, आयगरच्या कळ्या खोक्यात उमलायला लागल्या होत्या. पाकळ्या शेवाळाला घासून तपकिरी झालेल्या. झाडाला काही इजा नव्हती आणि दुसऱ्या वसंतात फिक्या लव्हेंडर रंगाची निर्मळ फुलं मिळाली, पण लवकर फुलणारे वाण आधी पाठवायला काय हरकत आहे?

अजून एक गोष्ट मी दोन्ही उन्हाळे पाहिली, ती पानं. जुने प्रसिद्ध वाण पिढ्यान्‌पिढ्या कंदांपासूनच वाढवले जातात, त्यामुळे एकदा विषाणू शिरला की तो प्रत्येक पिल्लात उतरतो. पानावर फिके पट्टे, फुलात रंगाचे तुटक ओरखडे दिसले तर ते झाड वेगळं काढून नष्ट करायचं, नाहीतर मावा आणि आपली कात्री तो सगळीकडे पोहोचवतात. या उत्पादकाच्या एकाही पानावर मला तसं काही आढळलं नाही. मागच्या बाजूला चंदेरी डाग, म्हणजे लाल कोळ्याची खूण, तीही नाही. खोका उघडल्यावर हे कळत नाही, म्हणून किमान एक उन्हाळा नवे कंद जुन्या संग्रहापासून लांब ठेवा, विकणारा कितीही विश्वासू असला तरी.

एक सुधारणा सुचवावीशी वाटते: यादीत कंदाचा आकार सेंटिमीटरमध्ये द्यावा. "फुलण्याजोगा" या शब्दाचा अर्थ वाणागणिक बदलतो. फॉर्मोसानाचा कंद अडीच सेंटिमीटर रुंद असेल तर निश्चिंत राहावं, तर फॉरेस्टी त्याहून कितीतरी लहान असतानाही फुलते. आकडा दिला तर नव्या माणसाला लहान कंद पाहून फसवल्यासारखं वाटणार नाही.

याच खोक्यात सायप्रिपेडियम या दुसऱ्या ऑर्किडचा एक संकरही मागवला होता. तो जमिनीत आहे, आणि त्याच्याबद्दल दोन वसंतांत मत बनवणं घाई होईल.

मी पुन्हा यांच्याकडूनच घेणार आहे. यादी उघडली की टोंगारीरो आणि 'म्युरिएल हार्बर्ड' पहिल्या काही दिवसांत संपतात, 'क्लेअर' शेवटपर्यंत मिळतं. सूचनांचा कागद बाजूला ठेवा, लेबलं मात्र जपून ठेवा आणि कुंडीत खोचताना पेन्सिलने लिहा, शाई एका उन्हाळ्यात उडते. माझी पुढची मागणी एटना आणि व्हेसुव्हियसची, आणि सोबत आयगरचे अजून काही कंद, यंदा ते आधी वेगळे पाठवा अशा विनंतीसह.